लिंकरला गप्प केलं म्हणून एरर जात नाही

लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन. 'लिंकर एरर दोन मिनिटांत घालवा' असा पाच उपायांचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिची अख्खी रात्र त्यात गेली, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक उपाय चौथा. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं की लिंकरला सगळे न सापडलेले सिम्बॉल (म्हणजे फंक्शन वगैरेंची नावं) दुर्लक्षित करायचा पर्याय द्या, एरर गायब! भाचीने दिला. एरर गेली, प्रोग्रॅम तयार झाला, साध्या फाइलीही उघडायला लागला. कॉम्प्रेस केलेली पहिलीच फाइल दिली आणि सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम कोसळला. होणारच! 'इन्फ्लेट' नावाचं, कॉम्प्रेस केलेलं उलगडणारं फंक्शन मागितलंय पण सापडत नाही, एवढंच लिंकर सांगत होता. त्याला गप्प केल्यावर ते फंक्शन येणार कुठून? जी चूक बिल्ड करतानाच नावानिशी समोर आली होती, ती आता प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते, आणि तेव्हा तिचं नावही कळत नाही.

खरं कारण मेकफाइलच्या, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीच्या, एका ओळीत होतं. भाचीकडे झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची '.ए' फाइल, म्हणजे आर्काइव्ह, होती आणि ती जोडायला सांगणारं '-एलझेड' हे ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपायलरने बनवलेल्या तुकड्यांच्या) आधी लिहिलेलं होतं. ग्नू लिंकरच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की आर्काइव्ह कमांडमध्ये ज्या जागी असेल तिथेच, आणि एकदाच, तपासली जाते. त्या क्षणी 'इन्फ्लेट' कोणी मागितलेलंच नव्हतं, म्हणून लिंकरने झेडलिबमधून काही उचललं नाही. मागणी आली नंतर. '-एलझेड' ओळीच्या शेवटी नेलं आणि बिल्ड झालं. मागणारा आधी, देणारा नंतर. दोन आर्काइव्ह एकमेकींकडे मागत असतील तर त्यांच्यासाठी 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' हे लिंकरचे पर्याय आहेतच.

'कंपायलर पुन्हा इन्स्टॉल करा.' कशासाठी? ऑब्जेक्ट फाइली तयार झाल्या म्हणजे त्याचं काम झालेलं आहे.

'एलडी लायब्ररी पाथ सेट करा.' हा पाथ प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा लोडर वाचतो. छोट्या 'एल'ने मागितलेली लायब्ररी लिंकर तिथे शोधत नाही, त्याला कॅपिटल 'एल'ने फोल्डर सांगावं लागतं. आणि 'कॅनॉट फाइंड' आलं असेल तर बहुतेक वेळा त्या लायब्ररीचं 'डेव्ह' किंवा 'डेव्हल' पॅकेजच (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइलींचं) टाकायचं राहिलेलं असतं.

'लायब्ररीची जी आवृत्ती हाताशी असेल तिला हव्या त्या नावाची सिमलिंक द्या', म्हणजे त्या नावाने तिच्याकडे नेणारा दुवा. कृपा करून हे करू नका. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.१ आणि ३ या आवृत्त्यांच्या '.एसओ' (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) फाइलींची नावं मुद्दाम वेगळी आहेत, कारण एकीसाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालेल याची हमी नाही.

'मेक क्लीन करा', म्हणजे जुन्या बिल्डच्या फाइली पुसा, यात तथ्य आहे, मान्य करते. कंपायलर किंवा त्याचे फ्लॅग बदलले आणि जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहिल्या तर याने खरंच सुटतं. पण क्रम चुकलेला असेल तर कितीही वेळा क्लीन करा, तीच एरर येणार. भाचीने चारदा केलं होतं.

मेसेजच्या शेवटी म्हटलंय की 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' ही ओळ कॉपी करून शोधा. ती ओळ लिंकिंग फसलं एवढंच सांगते, प्रत्येक लिंकर एररखाली तीच असते. वाचायची ती तिच्या वरची ओळ. भाचीच्या स्क्रीनवर 'इन्फ्लेट' हे नाव रात्रभर तिथेच होतं.