फळीवरून आलेला चेंडू

गेल्या रविवारी आमच्या रोलर हॉकी क्लबचं कपाट रिकामं केलं. पार्ल्यातल्या ज्या बास्केटबॉल कोर्टावर आम्ही इतकी वर्षं पहाटे खेळत आलो, ते महिनाअखेर सोडायचंय. तिथे टर्फ घालून तासाच्या हिशोबाने भाड्याने देणार आहेत. कोर्टवाल्यांनी बोलावून, मुदत देऊन, नीट सांगितलं, त्यामुळे त्यांच्यावर राग काढायला हे लिहीत नाहीये. पण कपाटाच्या तळाशी एक वही सापडली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे कसरीने खाल्लेले. पहिल्या पानावर आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं तिरपं अक्षर : नोव्हेंबर १९९३. हजर ७. स्टिक ५. चेंडू २. त्या सातांमधली एक मी. तेव्हा चौथीत होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार चाकांचे, म्हणजे क्वाड स्केट्स घालून चेंडूने खेळतात ती रोलर हॉकी. एका रांगेत चाकं असलेले स्केट्स आणि चपटी चकती घेऊन खेळतात ती इनलाइन हॉकी, ती वेगळी. आमच्यात मैदानावर एका बाजूचे पाच जण, चार खेळाडू आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक. गोल जेमतेम १०५ सेंटीमीटर उंच आणि १७० सेंटीमीटर रुंद, त्यामुळे गोली उभा राहत नाही, उकिडवा बसतो. मी पंधरा वर्षं अशी बसलेय, गुडघे अजून आठवण करून देतात.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता. यजमान स्पेनला हरवून अर्जेंटिनाने सुवर्ण नेलं, इटली तिसरा. सरांनी लहानपणी लोखंडी चाकांवर स्केटिंग केलेलं. ऑलिम्पिकचं वाचून त्यांनी मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी सात पोरं गोळा केली. मला मात्र त्या ऑलिम्पिकमधली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सगळे सामने बार्सिलोना शहरात झाले नाहीत. काही रेउस शहरात झाले, काही विक नावाच्या शहरात, काही सांत सादुर्नी नावाच्या गावात. या शेवटच्या गावाची वस्ती पंधरा हजारसुद्धा नाही. गावात क्लब होता, क्लबचं बंदिस्त रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान होतं, म्हणून ऑलिम्पिक त्यांच्या दारात आलं. आपल्या मुंबईत महापालिकेचे २२७ प्रभाग आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे एकेका प्रभागात सरासरी पन्नास हजारांवर माणसं राहतात, म्हणजे त्या गावाच्या तिपटीहून जास्त.

सर लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. गोलाचे दोन सांगाडे त्यांनी ओळखीच्या वेल्डरकडून पाइप जोडून करून घेतले, माप अगदी सेंटीमीटरला धरून. जाळी विकत घ्यायला पैसे नव्हते. आमच्यातल्या एका मुलाचे आजोबा वर्सोव्याचे कोळी. त्यांनी आपल्या जुन्या जाळ्याचे तुकडे कापून, गाठी मारून ती दोन्ही सांगाड्यांना विणून दिली. पहिल्या दिवशी जाळ्याला सुकटीचा वास येत होता. चेंडू गेला की जाळं फुगायचं आणि परत सैल व्हायचं. इतकं चांगलं जाळं मी पुढे कुठेच पाहिलं नाही. तेच आजही वापरात आहे. फक्त खालची कड दोनदा बदलली.

रविवारी खेळ नसायचा, बेअरिंग धुवायची असायची. एका स्केटला चार चाकं, एका चाकात दोन बेअरिंग, म्हणजे जोडीमागे सोळा. वर्तमानपत्र पसरायचं, स्टीलच्या ताटलीत रॉकेल घ्यायचं, त्यात एकेक बेअरिंग बुडवून दातांच्या जुन्या ब्रशने घासायचं. मुंबईची धूळ आणि दमट हवा मिळून आत काळी पेस्ट होते, ती सगळी सुटेपर्यंत. मग फडक्यावर वाळवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि बोटावर धरून फिरवून कानाशी न्यायचं. घरघर आली तर परत रॉकेल. नुसतीच बारीक सुर्र आली तर पास. अगदीच गेलेली असली तर सर नागदेवीच्या बाजारात जाऊन नवीन आणायचे. वहीत त्याचाही हिशोब आहे, कुणाच्या स्केटला कधी किती बदलली तो. आमच्या क्लबचा इतिहास म्हणजे अर्धा तर हा बेअरिंगचा हिशोबच आहे आणि मला तो पदकांपेक्षा कमी वाटत नाही.

माझी दहावी झाली त्या वर्षी डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा चंदीगडला खेळायला गेलो. पश्चिम एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत, पुढे बसने. पॅडच्या पिशव्या सीटखाली मावेनात, म्हणून त्यांच्यावरच डोकं ठेवून झोपलो. आणि तिथे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा खरं रिंक पाहिलं. ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, कोपरे गोलाकार आणि सभोवार मीटरभर उंचीची फळी. तोवर आमच्या कोर्टाची कड म्हणजे खडूची रेघ आणि तिच्यापलीकडे पाण्याच्या बाटल्या. चेंडू बाहेर गेला की कुणीतरी धावत जाऊन आणायचा.

पहिल्या सामन्यात दहा मिनिटांत चार गोल बसले. मी समोर बघत होते आणि चेंडू मागून येत होता. रोलर हॉकीत गोल फळीला लागून नसतो, मागे जवळजवळ तीन मीटर जागा सुटलेली असते. पंजाबच्या त्या मुली चेंडू मुद्दाम मागच्या फळीवर मारायच्या, तो तिरका उसळून गोलाच्या दुसऱ्या बाजूला निघायचा आणि तिथे त्यांची एक मुलगी आधीच पोचलेली असायची. कॅरममध्ये रिबाउंड मारतात, तसंच. आम्ही काही कच्च्या नव्हतो. वेगात, पासिंगमध्ये कमी नव्हतो. पण त्या खेळात फळी हा सहावा खेळाडू असतो आणि तो आमच्याकडे कधी नव्हताच. अकरा गोल खाल्ले. रात्री धर्मशाळेत कुणी जेवलं नाही. सर एवढंच म्हणाले, "पोरींनो, ही तुमची चूक नाही. फळी मी बघतो."

परत आल्यावर सर रे रोडच्या लाकडाच्या वखारींत तीन शनिवार फिरले. पूर्ण रिंकला शंभर मीटरच्या वर फळी लागते, तेवढं झेपणारं नव्हतं. चौदा प्लायवूड मिळाले, मीटरभर उंचीला कापून मागे त्रिकोणी टेकू ठोकले. एका गोलामागची बाजू आणि दोन्ही कोपरे एवढंच त्यात झाकलं जायचं. रोज पहाटे पाचला फळ्या मांडायच्या, सातला उचलून जिन्याखाली लावायच्या, कारण साडेसातला कोर्ट दुसऱ्यांना लागायचं. दोन तासांतला पाऊण तास यातच जायचा. आई-वडील वैतागायचे. पण त्या अर्ध्या रिंकवर शिकलेला मुलींचा संघ दोन वर्षांनी राज्य स्पर्धेत तिसरा आला आणि उपान्त्यपूर्व सामन्यातला आमचा विजयी गोल मागच्या फळीवरूनच झाला. वहीत त्या दिवसाखाली सरांनी फक्त "फळी!" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

त्यानंतर आमच्यातले चौघे महाराष्ट्राच्या संघातून खेळले. तिघं आता क्लबमध्येच लहान मुलांना शिकवतात, एक पैसा न घेता.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की पालक स्पीड स्केटिंगकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी कांस्य मिळवलं, त्यात आपले सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते, ते बघताना मी टीव्हीसमोर उभी राहिले होते. पण सरावाला रिकामा रस्ता मिळाला तरी स्पीडचं निदान पोट भरतं. हॉकीचं भरत नाही. हॉकीला फळी लागते आणि फळी सकाळी मांडून सकाळीच उचलायची म्हटली की दहा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत कंटाळतो. मुंबईची मुलं मागे पडतात ती अंगात कस नाही म्हणून नाही. त्यांनी चेंडू फळीवर आपटून परत आलेला पुरेसा पाहिलेलाच नसतो.

आठशे चौरस मीटर जागा, वर पत्रा, सभोवार कायमची फळी. पावसाळ्याचे चार महिने वाया जाणार नाहीत. अख्ख्या पश्चिम उपनगरात असं एक सार्वजनिक रिंक झालं, तर अंधेरीपासून दहिसरपर्यंतचे क्लब ते वाटून वापरतील, वेळापत्रक मी स्वतः करून देईन. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून तसा अर्ज लिहितोय. नगरसेवकांकडे, आमदारांकडे, ज्यांच्या हातात मैदानांचे आराखडे आहेत त्या सगळ्यांकडे नेणार आहोत. सही करायला या. तुमची मुलं स्केटिंग करत नसली तरी या.

चौदांपैकी नऊ फळ्या अजून धड आहेत. त्या सध्या माझ्या मावशीच्या गॅलरीत उभ्या आहेत, कपडे वाळत घालायला जागा उरली नाही तरी मावशी काही बोलत नाही. गोलाचे सांगाडे सरांकडे. ते आता पंचाहत्तरीला आलेत, गुडघे बदललेत, पण रविवारी कपाट आवरताना जमिनीवर बसून जाळ्याच्या गाठी एकेक करून तपासत होते.

आणि जुन्या सगळ्यांना एक विनंती. वहीतली १९९८ ची जुलै ते ऑक्टोबर ही पानं पाण्यात भिजून एकमेकांना चिकटलीत, सुटत नाहीयेत. त्या पावसाळ्यात आपण शाळेच्या हॉलमध्ये खेळायचो, मी तापाने आजारी होते आणि माझ्या जागी दुसरंच कुणीतरी गोलीत बसायचं. कोण होतं ते ना सरांना आठवत, ना मला. तुम्ही असाल, किंवा तुम्हाला ठाऊक असेल, तर कळवा. नाव वहीत लिहायचंय.