सिरॅमिक, सिरॅमिक… डोकं उठवलं राव!

माझी गाडी, माझा पैसा, मग चाकाआड पोर्शेच्या सिरॅमिक ब्रेकची खूण असलेले पिवळे कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारे चिमटे) दिसले नाहीत म्हणून तुमच्या पोटात का दुखतं? जळगावात चहाला थांबायची सोय नाही. कोणीतरी चाकाशी उकिडवं बसतं, आत डोकावतं अन् मान वर करून विचारतं, "काय भो, एवढी भारी गाडी अन् सिरॅमिक नही टाकले?"

नाही टाकले! पोर्शेनं २००१ च्या सुमारास ९११ जीटी२ या स्पोर्ट्स कारला कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या, त्या ट्रॅकवर दोन-अडीचशेच्या वेगातून पुन्हा पुन्हा ब्रेक मारणाऱ्यांच्या कामाच्या. तिथं साध्या डिस्कचे ब्रेक (तुम्ही स्टील म्हणता, असतात बिडाच्या) तापून ढिले पडतात, सिरॅमिक टिकतं. वजनही जवळपास निम्मं. सगळं मान्य! पण मी चालवतो कुठं? यावलच्या रस्त्याला पुढे केळीचा ट्रक, समोरून कपाशीची ट्रॉली आणि मधे पट्टे न मारलेला गतिरोधक. एकदाच करकचून ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतात. डिस्क बिडाची असो नाहीतर सिरॅमिकची, चाक जाम करायला दोन्ही पुरेशा, म्हणून एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्हींत लागतंच.

उद्या पंक्चरवाल्याच्या पोरानं चाक उतरवताना रिम सिरॅमिक डिस्कच्या कडेवर आपटली आणि टवका उडाला, तर नव्या डिस्कचे लाखो रुपये तुम्ही देणार का?

त्यात पार्टवाल्यांचा वेगळाच कहर. साध्या हॅचबॅकचे सिरॅमिक पॅड काढून दाखवतात अन् म्हणतात, "घ्या, रेसिंगवालं तेच." तेच कसं? हे पॅड बिडाच्याच डिस्कवर घासतात. आवाज कमी, काळी पूड कमी, एवढंच. कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

मग शेवटचा हुकमी एक्का, "कन्नड घाटात काय करशील?" गिअर खाली टाकीन, दुसरं काय! डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे मला ब्रेक शिकवतात. घाटात पेडल पोचट होतं, त्यामागे बहुतेकदा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतली ओल ओढतं, मग लवकर उकळतं, बुडबुडे धरतं आणि पाय थेट तळाला जातो. दोन वर्षांनी बदलायचं, खर्च किरकोळ. तुमच्या गाडीतलं शेवटचं कधी बदललं? बोला ना आता!