पेपर मोजून गाइड कळत नाही

छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, मानसशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. गाइड निवडताना त्यांचं गूगल स्कॉलर प्रोफाइल उघडा. पेपर, साइटेशन (इतरांनी त्या पेपरांचा दिलेला संदर्भ) आणि एच-इंडेक्स पाहा. आकडे मोठे आणि प्रत्येक पेपरात पी (प्रत्यक्षात फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली असेल, तर संख्याशास्त्रही पक्कं समजा. हा सल्ला ऐकून विद्यार्थी चार-पाच वर्षं पणाला लावतात, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासायलाच हवा.

पेपरांचा आकडा. गूगल स्कॉलर यादी आपोआप गोळा करतं. जाधव, शिंदे, देशमुख या आडनावांपुढे दोन आद्याक्षरं लावली की एकाच नावाचे कितीतरी लेखक निघतात. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या यादीत सोयाबीनच्या रोगावरचा पेपर दिसला, तर यादी कुणी साफ केलेली नाही एवढं समजावं. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक असेल तर त्यावरून पडताळा करा आणि पहिला लेखक म्हणून किती पेपर आहेत ते वेगळं काढा.

एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेलं हे माप. निदान ४ पेपरांना प्रत्येकी निदान ४ साइटेशन असतील, पण ५ पेपरांना ५-५ नसतील, तर एच ४. एकाच्या पाच पेपरांना ९००, १२, ४, ४, २ साइटेशन असतील तर एच ४ येतो. दुसऱ्याच्या पाचही पेपरांना पाच-पाच असतील तर ५! संख्याशास्त्रीय पद्धतींवर लिहिणाऱ्यांचं गणित आणखी निराळं असतं. क्रॉनबॅक यांचा अल्फावरचा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) १९५१ चा पेपर हजारो जण न वाचताच उद्धृत करतात, कारण साधन वापरलं की नाव द्यावं लागतं. शिवाय मागे घेतलेल्या पेपरांची साइटेशन वजा होत नाहीत. नेदरलँड्सच्या डिडेरिक स्टापेल यांचे ५० हून अधिक पेपर बनावट विदेमुळे (डेटामुळे) मागे घ्यावे लागले. तोवर त्यांची यादी दृष्ट लागावी अशीच होती.

पी ०.०५ च्या खाली. सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच. पी म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात स्पष्ट केलं आहे. कुठेच फरक नसताना २० स्वतंत्र चाचण्या लावल्या, तरी निदान एक ‘सार्थक’ (पी ०.०५ च्या खाली) निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. आता नेहमीचा आराखडा घ्या: ५० शहरी आणि ५० ग्रामीण विद्यार्थी, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी; तिचा आकडा म्हणजे टी). खरा फरक मध्यम, म्हणजे कोहेनचा डी (सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे ते) ०.५ असला, तरी असा अभ्यास तो सुमारे ७० टक्के वेळाच पकडतो. असे दहा अभ्यास केले तर दहाच्या दहा सार्थक येण्याची शक्यता ३ टक्क्यांहूनही कमी. म्हणून सलग दहा यशस्वी निकालांची यादी दिसली की न आलेले निकाल कुठे गेले, हे विचारा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळचे ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच आले.

पडताळा कागद-पेन्सिलीने होतो. ५० अधिक ५० असतील तर स्वातंत्र्यांश (इथे एकूण विद्यार्थी वजा दोन) ९८ हवेत. तक्त्यात ५८ दिसले तर ४० विद्यार्थी कुठे गेले? टी १.७२ लिहून शेजारी ०.०५ पातळीवर सार्थक म्हटलं असेल, तर ते टू-टेल (फरक कोणत्याही दिशेचा चालतो अशा) चाचणीत बसत नाही, तिथे १.९८ लागतो. परिणामाचा आकार हवा तर ५०-५० च्या गटांत टी ला ०.२ ने गुणा: टी २.१० म्हणजे डी ०.४२. पुढे सरासरी पाहा. २८ विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीतल्या एका विधानाला १ ते ५ पूर्णांकात गुण दिले, तर ३.४७ ही सरासरी येऊच शकत नाही. बेरीज ९७ असेल तर ३.४६, ९८ असेल तर ३.५०. यालाच ग्रिम चाचणी म्हणतात. एखादी चूक छपाईची असू शकते. तीन पेपरांत तेच दिसलं तर थांबा.

अल्फा ०.७ च्या वर म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी (प्रश्नावली) उत्तम, हेही चूक. विधानांतला सरासरी सहसंबंध ०.१ इतका क्षीण असला, तरी ३० विधानं घातली की अल्फा ०.७७ होतो. तो सप्रमाणतेबद्दल, म्हणजे चाचणी मोजायचं तेच मोजते का याबद्दल, काहीच सांगत नाही. इंग्रजी चाचणी मराठीत आणून ग्रामीण मुलांना दिली असेल तर उलट-भाषांतर (मराठीतून पुन्हा इंग्रजीत) केलं का आणि अल्फा याच नमुन्यावर काढला की मूळ मॅन्युअलमधून उतरवला, ते पाहा.

केअर लिस्टचा, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या यादीचा, दाखला आता देऊ नये. यूजीसीने ती २०२५ मध्ये बंद केली. प्रबंधाआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्तीही २०२२ च्या नियमांत उरलेली नाही.

गाइडच्या पेपरांच्या यादीतले सर्वांत नवे दोन आणि सर्वाधिक उद्धृत एक, असे तीन पेपर काढा. प्रत्येकात नमुन्याची संख्या, सरासरी, प्रमाण विचलन, टी आणि स्वातंत्र्यांश हे पाच आकडे सापडतात का ते बघा. भेटायला जाल तेव्हा त्यांतल्या एका पेपराची विदा-फाइल पाहायला मिळेल का, एवढं नम्रपणे विचारा.