लोणारचे गुपित कोणीही दडपलेले नव्हते

गेली काही वर्षे लोणार सरोवराविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा : १८२३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराचा शोध लावला, हे विवर उल्कापाताने झाले हे इंग्रजांना तेव्हाच कळले होते, पण त्यांनी ते दीडशे वर्षे दडपून ठेवले आणि ज्वालामुखीची खोटी कथा पसरवली, शेवटी नासाने सत्य उघड केले, आपल्या पुराणात मात्र ते आधीपासूनच लिहिलेले होते, विवरात होकायंत्र चालत नाही, आणि बेसाल्ट या लाव्हापासून बनलेल्या खडकातले हे जगातले एकमेव विवर बरोबर ५२ हजार वर्षांपूर्वीचे आहे. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने हा मजकूर शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला आणि वर्गात वाचूनही दाखवला. भूविज्ञानाच्या इतिहासाची अशी मोडतोड मुलांच्या वहीपर्यंत पोहोचत असेल, तर गप्प बसणे योग्य नाही.

सर्वांत घातक आरोप दडपणुकीचा आहे. एखादी गोष्ट दडपायची तर ती आधी ठाऊक असावी लागते, आणि एकोणिसाव्या शतकात पृथ्वीवरील एकाही विवराविषयी ते उल्कापाताने झाल्याचे सर्वमान्य झालेले नव्हते. अमेरिकेतील ॲरिझोनाचे विवर घ्या. त्याच्या आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. तरीही ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या त्या काळातल्या अग्रगण्य भूवैज्ञानिकाने १८९१ मध्ये तेथे मोजमापे घेतली आणि हा वाफेच्या स्फोटाचा परिणाम आहे, असा निष्कर्ष काढला. हाच गिल्बर्ट १८९३ मध्ये चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे मांडत होता, म्हणजे आघाताच्या कल्पनेचे त्याला वावडे नव्हते. ॲरिझोनावरच्या १८९६ च्या लेखात त्याने तुलनेसाठी लोणारचा उल्लेख केला. साम्य त्याने नेमके ओळखले, कारण मात्र चुकले. ॲरिझोनाचा वाद १९६० मध्ये शूमेकर या अमेरिकन भूवैज्ञानिकाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना तेथे कोएसाइट हे अतिदाबाखाली तयार होणारे सिलिकाचे रूप सापडले, तेव्हा कुठे मिटला. जे १९६० पर्यंत जगातल्या भूवैज्ञानिकांना एकमेकांना पटवून देता आले नाही, ते १८२३ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला उमगले होते, असे म्हणायला कसलाही आधार नाही.

ज्वालामुखीचा तर्क चुकला हे खरे, पण तो प्रामाणिकपणे केलेला तर्क होता. चहूकडे लाव्हाचे थर, त्यात एक गोल खळगा आणि त्याचा उचललेला काठ, हे पाहून ब्लॅनफर्डसारख्या सर्वेक्षकाला ज्वालामुखीचा स्फोट आठवला नसता तरच नवल होते. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारच्या भूरचनेवरचा लेख भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये उघडपणे छापला. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी उल्काविवराची शक्यता मांडली, तीही लेखाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून. ज्यांना लपवायचे असते ते आपले मतभेद नियतकालिकांतून छापत बसत नाहीत.

निकाल लागला तो १९७३ मध्ये. त्या वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा लेख प्रसिद्ध झाला. विवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतून जो चुरडलेला खडक वर आला, त्यात त्यांना मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज या खनिजाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फिरवला, की कणावरचे पट्टे आळीपाळीने उजळतात आणि काळवंडतात. मॅस्केलिनाइटचा कण बाह्याकाराने प्लॅजिओक्लेजसारखाच दिसतो, पण कितीही फिरवला तरी काळाच राहतो, कारण वितळून न वाहताच त्याची आतली स्फटिकरचना आघाताने मोडून काच झालेली असते. त्यासाठी नेहमीच्या हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणार्धात बसावा लागतो, आणि तो कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही.

या खनिजाचा इतिहास दडपणुकीच्या आरोपाला परस्पर उत्तर देतो. मॅस्केलिनाइट प्रथम ओळखले गेले ते बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत. त्याचे वर्णन व्हिएन्नाच्या चेरमाक या खनिजशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये केले. मात्र ते आघाताने तयार होते, हे १९६३ मध्ये मिल्टन आणि डी कार्ली यांनी स्फोटकांच्या धक्क्याने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले, तेव्हा स्पष्ट झाले. पुढे लोणारच्या लेखावर ज्याचे नाव आले, तोच हा मिल्टन. पुरावा लोणारच्या गाळाखाली होताच; तो वाचण्याची रीत १९६३ पूर्वी कोणाच्याही हाती नव्हती, मग तो इंग्रज असो की भारतीय.

नासाच्या श्रेयाचे उत्तरही याच लेखात आहे. चार लेखकांपैकी दुबे आणि बालसुंदरम् हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, फ्रेड्रिक्सन अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे आणि मिल्टन अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. लोणारची काच आणि चुरडलेला खडक नासाच्या अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी मिळताजुळता आहे, असे त्यांनी नोंदवले. नासाचा संबंध मान्य करायचा तर एवढाच. आपल्याच संस्थेतल्या माणसांचे काम मुलांना दुसऱ्याच्या नावाने शिकवले जाते, याचे मला विशेष वाईट वाटते.

१८२३ चा ‘शोध’ हा शब्दच गैरलागू आहे. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये लोणारचा आणि तेथील काच व साबणासाठी लागणाऱ्या क्षारांचा उल्लेख आहे, आणि दैत्यसूदनाचे देऊळ तर त्याहूनही जुने आहे. पुराणकथेविषयी मला आदर आहे, पण ती मजकुरात सांगितली आहे तशी नाही. लवणासुर भूमिगत विवरात लपला होता, विष्णूने त्यावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले, अशी ती कथा आहे. आकाशातून काही कोसळल्याचा त्यात मागमूस नाही.

होकायंत्राच्या गोष्टीत अर्धे सत्य आहे. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे उघड्या खडकाजवळ सुई थोडी ढळू शकते. पण तसे ते सह्याद्रीतही घडू शकते. दख्खनच्या याच चुंबकत्वाची मोजमापे १९५० च्या दशकात झाली आणि भारत दक्षिणेकडून सरकत आला या मताला त्यांतून बळ मिळाले. ‘जगातले एकमेव’ हेही आता म्हणता येत नाही, कारण ब्राझीलमध्ये वार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही बेसाल्टमधली आघातविवरे माहीत झाली आहेत. लोणार त्यांच्यापेक्षा पुष्कळच चांगले टिकलेले आहे, एवढे मात्र निर्विवाद.

राहिला वयाचा आकडा. ५२ हजार वर्षे हा आकडा हवेतला नाही. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे नमुना तापवल्यावर त्यात साठलेली ऊर्जा किती प्रकाश देते ते मोजून, तो मिळाला आणि त्यासोबत ६ हजार वर्षांची कमी-अधिक मर्यादाही दिलेली होती. परंतु २०११ मध्ये जूर्दां आणि सहकाऱ्यांनी आघातात बनलेल्या काचेवर आर्गॉन पद्धत (खडकात हळूहळू साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची) वापरली, तेव्हा वय ५ लाख ७० हजार वर्षे आले, म्हणजे दहापटीहून अधिक. दोन्ही पद्धतींच्या आपापल्या अडचणी आहेत : काचेत साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात निसटत असेल तर पहिल्या पद्धतीने वय कमी दिसते, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या मूळ बेसाल्टमधला आर्गॉन काचेत शिल्लक राहिला असेल तर दुसऱ्या पद्धतीने ते जास्त दिसते. २०११ च्या लेखकांनी हा शिल्लक आर्गॉन हिशेबात धरला आहे, म्हणून मला त्यांचा आकडा अधिक भरवशाचा वाटतो. प्रकल्पात वय लिहायचेच असेल, तर दोन्ही आकडे त्यांच्या पद्धतींसह आणि वर्षांसह लिहावेत.