दिवाणाखालची आवृत्ती

काल एका पोराचा फोन आला. पंचविशीचा आहे, कविता बरी लिहितो. "सर, पुस्तक येतंय! प्रकाशकांना संहिता फार आवडली. फक्त ५० हजार भरायचेत."

फक्त! माझ्या तोंडून अभिनंदन निघालं नाही. त्याला लागलं असावं, म्हणून हे लिहितोय.

सात वर्षांपूर्वी मीही असेच भरले होते, पतसंस्थेतून कर्ज काढून. कथासंग्रह, १६० पानं. करारात गोंडस शब्द होता, 'लेखक-सहभाग'. प्रती ५००, त्यातल्या २०० माझ्या, ३०० ते विकणार. टेम्पोतून गठ्ठे उतरले तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "हे पण आपणच विकायचं का?" त्या ३०० खरंच छापल्या का, देव जाणे. मला त्या कुठल्याच दुकानात दिसल्या नाहीत.

मजकूर मी युनिकोडमध्ये दिला होता. त्यांच्या डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटमध्ये नेताना रफार उडवले. माझी नायिका पूर्वा सलग चार पानं 'पूवा' म्हणून वावरते. "प्रूफं तुम्हीच बघा, तुमच्याइतकं लक्ष कोण देणार?" असं ते म्हणाले आणि मी फुशारलो. अहो, स्वतःची चूक लेखकाला कधी दिसते का! बिलात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, २,५०० रुपये वेगळे लावलेले. हा क्रमांक दिल्लीची सरकारी संस्था फुकट देते, लेखकालाही देते, हे मला दोन वर्षांनी कळलं.

पैसे घेऊन छापून देणं हा काही गुन्हा नाही. पण त्याला छपाई म्हणा. ज्याचे स्वतःचे पैसे पुस्तकात अडकलेत तो प्रकाशक. तोच दुकानदाराच्या मागे लागतो, परीक्षणाला प्रती धाडतो, ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळतो. माझ्या पुस्तकावरची त्यांची कमाई शाई वाळण्याआधीच झाली होती, मग धावपळ कोण कशाला करेल?

प्रकाशकांची अडचणही खरी आहे. २५० रुपयांच्या पुस्तकातले ४०-५० टक्के वितरक-विक्रेत्यांत जातात, कागद-छपाई-बांधणी वेगळीच. नवख्याच्या ५०० प्रती खपायला वर्षं लागतात. दहा टक्के रॉयल्टी धरली तर अख्खी आवृत्ती संपूनही लेखकाच्या हाती १२,५००. म्हणून नकार आला तर राग धरू नये. माझा राग 'फार आवडली' या शब्दांवर आहे.

त्या पोराला सांगितलं, आधी दिवाळी अंकांना पाठव, तिथले नकार पचव. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिकडे हस्तलिखित दे. ती पहिल्या पुस्तकासाठीच असते. मला तिचा पत्ता लागला तेव्हा माझं पहिलं दिवाणाखाली जाऊन बसलं होतं! आणि करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं दिसलं तर सही करू नकोस. मुदतच लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानं ती ५ वर्षं धरली जाते, पण 'कायमस्वरूपी' लिहून दिलंस तर तुझं तूच बांधून घेतलंस.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सर, प्रकाशन समारंभाचा हॉल बुक झालाय."

माझ्याकडे अजून ६३ प्रती आहेत. कुणाला हव्या असतील तर कळवा, पोस्टेज मी भरतो. पूवाचा पूर्वा पेननं करून देईन.