प्रतिक्रियेला उत्तर: चार टक्क्यांचं एवढं कौतुक कशाला?

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. स्वीडनच्या सप्टेंबर २०२६ च्या निवडणुकीवर लिहिताना मी सगळ्यात मोठ्या पक्षाला दोन ओळीत उरकलं आणि चार टक्क्यांच्या काठावर (त्याखाली मतं गेली की संसदेत जागाच नाही) लटकलेल्या लिबरल्स ह्या छोट्या पक्षावर अर्धा लेख खर्ची घातला, म्हणजे मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं तुमचं म्हणणं. वर, जो पहिला येतो त्यानं राज्य करावं, बाकी सगळी खिचडी.

बरं, पहिला कोण आला ते बघू. २०२२ ला सोशल डेमोक्रॅट्स, ३०.३ टक्के, १०७ जागा. दुसरे स्वीडन डेमोक्रॅट्स, ७३. आणि पंतप्रधान झाले तिसऱ्या नंबरच्या मॉडरेट पक्षाचे उल्फ क्रिस्टर्सन, ६८ जागांवर! कारण तिथे हिशोब गटाचा, ३४९ पैकी उजवीकडचे १७६ आणि समोरचे १७३. त्या १७६ मधले १६ लिबरल्सचे, मतं ४.६ टक्के. हीच मतं ३.९ वर आली असती तर पक्ष संसदेबाहेर (एखाद्या मतदारसंघात १२ टक्के मिळाले तर तेवढ्यापुरती सूट आहे, पण ते ह्यांना कुठून मिळणार), त्या जागा विरोधकांसकट सगळ्यांत वाटल्या जाणार आणि तीन जागांच्या जिवावरचं बहुमत गेलंच समजा. आता हा पक्ष पोल्समध्ये बराच काळ चारच्या खाली आहे. मग मी कुणावर लिहू?

तिथल्या मतदाराला हे पाठ आहे. मोठ्या पक्षाचा माणूस मित्रपक्ष बुडू नये म्हणून मत तिकडे टाकतो, हे जुनंच आहे. त्यात आगाऊ मतदान अठरा दिवस आधी सुरू होतं, लायब्ररीत वगैरे जाऊन टाकता येतं, आणि नंतर मन बदललं तर १३ सप्टेंबरला आपल्या बूथवर जाऊन परत मत द्यायचं, आधीचं पाकीट बाजूला काढतात. म्हणजे मॉडरेट्सना मत देऊन आलेला माणूस शेवटचा पोल बघून रविवारी लिबरल्सना देऊ शकतो, अगदी कायदेशीर.

राहिली खिचडी. तिथे पंतप्रधानाला बहुमत लागत नाही, फक्त विरोधात १७५ मतं पडता कामा नयेत. २०१९ ला सोशल डेमोक्रॅट्सच्या लव्हेन यांच्या बाजूने ११५, विरोधात १५३, तरी झाले पंतप्रधान. २०२१ ला त्याच पक्षाच्या मॅग्डालेना अँडरसनच्या विरोधात १७४, एका मतानं वाचल्या, आणि त्याच दिवशी विरोधकांचं बजेट पास झालं, ग्रीन्स सरकारमधून बाहेर पडले, बाईंनी काही तासांत राजीनामा दिला. पाच दिवसांनी परत निवडून आल्या. त्या आठवड्याला खिचडी म्हणा, माझी हरकत नाही. पण आपल्याकडे २०१९ ला १०५ वाले विरोधात बसलेच की, पहिला येऊन.

२० टक्के मतं घेणाऱ्या स्वीडन डेमोक्रॅट्सना मंत्रिमंडळाबाहेर ठेवलं हा तुमचा मुद्दा मात्र दमदार आहे. फक्त ते उपाशी नाहीत हो, तीडो करारात (सरकार बनवताना उजव्या पक्षांनी आपसात केलेला) स्थलांतराचे नियम बऱ्यापैकी त्यांच्याच मनासारखे लिहून घेतलेत. आता त्यांचे नेते ऑकेसन म्हणतात मंत्रिपदं द्या, नाहीतर आम्ही विरोधात. ह्यावर पुढचा लेख टाकतोय, तिथे भांडू.