परसातली खोली: आधी संडास, मग भिंती

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी परसात तयार पॅनेलची खोली उभी करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्क्वेअर फुटाला भाव काय?" विचारायला हवं ते वेगळंच: व्हीलचेअर संडासात वळते का? साइट ऑफिससाठी बनवलेली दहा बाय वीसची केबिन रंग बदलून घरगुती म्हणून विकली, तर तिचा संडास चार बाय चारचाच राहतो. खुर्ची वळायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर ते ढकलताच येत नाही.

धरायच्या दांडीचंही तसंच. पॅनेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर, मागे नुसता फोम. त्यात स्क्रू मारलेली दांडी नेमकी भार पडल्यावर उपटून येते. म्हणून पॅनेल चढवण्याआधीच कमोडशेजारी लोखंडी चौकोनी पाइप फ्रेमला वेल्ड करून घ्या आणि दांडी त्यालाच बोल्टने आवळा.

आता पाया. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर नुसते ब्लॉक ठेवून खोली टेकवली की पहिल्याच पावसाळ्यात एक कोपरा उचलला जातो, दार अडकतं आणि पॅनेलचे सांधे उघडतात. मुरूम लागेपर्यंत खणून खांब घ्या. शोषखड्डा पायापासून लांब ठेवा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथेच थांबून माती फुगवतं. सांडपाणी घराच्या जुन्या सेप्टिक टँकला जोडणं सोपं, पण चार इंची पाइपला चाळीस फुटांमागे एक फूट उतार लागतो. टँक तीस फुटांवर असेल तर नऊ इंच तिथेच गेले. म्हणून गवंडी जोतं दीड फूट उचलायला सांगतो. मात्र रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट रॅम्प. परसात एवढी जागा नसेल तर मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवा. उतार तीव्र केला तर खुर्ची ढकलणाऱ्या सुनेचीच कंबर जाते. हे गणित कागदावर सुटल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

ऊन तर विचारूच नका. भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. साध्या पत्र्याची खोली बादच समजा. पन्नास मिलिमीटर पफ, म्हणजे पॅनेलमधला पॉलियुरेथेन फोम, भिंतीला चालतो. छताला ऐंशी घ्या, आणि त्यावर फूटभर मोकळी जागा सोडून दुसरा सावलीचा पत्रा टाका. पश्चिमेला खिडकी नको. स्वस्तातलं थर्मोकोल पॅनेल आगीत झटकन वितळून पेटतं. पफही जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून गॅस या खोलीत नकोच. कूलर लावाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. पॅनेलची खोली घट्ट बंद असते, हवा बाहेर गेली नाही तर नुसता दमटपणा साठतो.

भिंती लोखंडी आहेत, हे वायरमनला आठवण करून द्यावं लागतं. तीस मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण, आणि स्वतंत्र अर्थिंग घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहा.

गावठाणातल्या बोळात ट्रेलर आणि हायड्रा क्रेन शिरत नाही, तेव्हा सुटे पॅनेल आणून जागेवर जोडून घ्या. "सुटं बांधकाम आहे, परवानगी लागत नाही" हे फॅब्रिकेटरच्या तोंडून ऐकून सोडून द्या आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी विचारा. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून घरामागे अशी काळजीची घरं ठरावीक अटींवर परवान्याशिवाय उभारता येतात, पण काळजीची गरज संपली की तिथलं वेगळं बिऱ्हाड मोडावं लागतं. आपल्याकडे नंतर तिथे कापूस भरला जाईल. भरू द्या.

"म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं" असं भाऊबंद म्हणणारच. खोली शेताच्या बांधाकडे तोंड करून ठेवली असेल, तर ते खरंच बोलतात. दार घराच्या ओट्यासमोर हवं, स्वयंपाकघरातून दिसणारं, मधल्या वाटेवर रात्रभर दिवा. घंटेचं बटण पलंगाशी एक, संडासात एक. संडासातल्या बटणाला जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत दोरी सोडा, कारण पडलेल्या माणसाचा हात भिंतीवर पोचत नाही.